घरची बातमी नवव्या दिवशी पोचली : सोलापुरातल्या एका गॅस इंजिनिअरचं प्रकरण

हे प्रकरण ज्या घरात घडलं, त्या घराच्या परवानगीनं लिहितो आहे. जहाज, कंपनी, माणसं ओळखू येतील असा तपशील गाळला आहे. घरात थोरल्या मुलाला सगळे दादा म्हणतात आणि वडिलांना अप्पा, म्हणून इथेही तेच. मी स्वतः गॅसवाहू जहाजांवरून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालो आणि आता सोलापुरात राहतो. या प्रकरणातला एक चुकीचा सल्ला माझा आहे. तो कुठे चुकला, हे नीट मांडावं असं वाटलं म्हणून लिहायला बसलो.

पार्श्वभूमी

अप्पा पूर्वभागातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. तीस वर्षं मागांची दुरुस्ती केली. नुसत्या आवाजावरून कुठल्या मागाचं काय बिनसलंय ते सांगायचे. यंत्रं ओळखण्याचा तो कान दादाकडे आला. सोलापुरातच मेकॅनिकलची पदवी, मग पदवीधरांसाठी असलेला एक वर्षाचा मरीन इंजिनिअरिंगचा कोर्स, त्यासाठी घरावर काढलेलं कर्ज, आणि पहिलं जहाज तेलाचं. पुढे द्रवरूप गॅसच्या टँकरसाठी लागणारं प्रशिक्षण घेऊन तो एलएनजीच्या, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूच्या, जहाजांवर गेला. या घटनेच्या वेळी तो तेहतीस वर्षांचा होता आणि गॅस इंजिनिअर म्हणून दुसरा करार करत होता.

सोलापूरचं जहाजांशी नातं तसं जुनं. वालचंद हिराचंद इथलेच, जन्म १८८२ चा. त्यांच्या सिंदिया कंपनीचं ‘लॉयल्टी’ ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघालं आणि तोच दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. पण नातं जुनं असलं तरी आजही गल्लीत चौकशी केली, तर बोटीवर माणूस नेमकं काय करतो हे सांगणारं कुणी भेटत नाही. मुंबई, कोकणातल्या घरांत शेजारीपाजारी चार खलाशी असतात. अडचणीच्या वेळी कुणाला फोन करायचा, हे तिथे बायकांनाही ठाऊक असतं. दादाच्या घराला असा शेजार नव्हता. त्यांना माहीत असलेला बोटीवरचा माणूस मी एकटाच.

दादाचं काम काय, हे थोडं सांगायला हवं, कारण पुढचे सगळे निर्णय त्याच्याभोवती फिरतात. एलएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की तो द्रव होतो आणि त्याचं आकारमान सहाशेपट कमी होतं. दादाचं जहाज १,७४,००० घनमीटरचं, आजच्या मोठ्या एलएनजी जहाजांचा नेहमीचा आकार. टाक्यांभोवती कितीही चांगलं इन्सुलेशन असलं तरी बाहेरची उष्णता आत झिरपतेच आणि रोज थोडा द्रव उकळून वायू होतो. त्याला बॉइल-ऑफ म्हणतात. हा वायू काँप्रेसरनं ओढून इंजिनाला इंधन म्हणून द्यायचा, टाकीतला दाब वाढू द्यायचा नाही आणि नको तितका उतरूही द्यायचा नाही, ही चोवीस तासांची जबाबदारी. कार्गोचे पंप, काँप्रेसर, नायट्रोजनचे जनरेटर, गॅस ओळखणारी यंत्रणा, या सगळ्यांची देखभाल गॅस इंजिनिअरकडे असते. कार्गोचा प्रमुख चीफ ऑफिसर असतो, पण यंत्रं चालली नाहीत तर त्याचे हात बांधलेले.

या पदावरच्या माणसाला बदली सहज मिळत नाही. हातात प्रमाणपत्र असून भागत नाही. जहाज भाड्यानं घेणाऱ्या कंपन्या अधिकाऱ्यांचा गॅसच्या जहाजांवरचा अनुभव मोजून बघतात आणि तो कमी भरला तर जहाज नाकारू शकतात. म्हणून घरी जायचं म्हटलं की आधी तोलामोलाचा माणूस शोधावा लागतो. त्यात एलएनजीचे धक्के वस्तीपासून लांब असतात आणि जहाज तिथे जेमतेम दिवसभर थांबतं.

अडचण

संक्रांतीचा गड्डा, म्हणजे सिद्धरामेश्वराची यात्रा, चालू होता. नंदीध्वजांची मिरवणूक बघून अप्पा रात्री नीट घरी आले, जेवले, झोपले. सकाळी उठले तेव्हा उजवा हात जड होता. झोपेत अंगाखाली दबला असेल म्हणून त्यांनी चोळत बसून तास-दीड तास घालवला. बोलताना शब्द सापडेनात तेव्हा धाकट्यानं रिक्षा बोलावली. मेंदूत गुठळी होती. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. अप्पांचा त्रास झोपेत कधी सुरू झाला, हेच कुणाला सांगता येत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी ते दिलं नाही.

त्या दिवशी दादाचं रिकामं जहाज अटलांटिक ओलांडून अमेरिकेच्या आखाती किनाऱ्याकडे चाललं होतं. तीन दिवसांनी माल भरायचा होता. तिथून जपान. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले, तेव्हापासून अशी जहाजं आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडच्या केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागली. म्हणजे अमेरिका सोडली की पाच-साडेपाच आठवडे पाणीच पाणी.

पहिला निर्णय : सांगायचं की नाही

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाची आई आणि धाकटा माझ्याकडे आले. आई दारातच म्हणाल्या, “काका, थोरल्याला सांगावं का नको? सांगून तरी तिथनं काय करणारे तो? नुसता जीव टांगणीला.” धाकट्याचं म्हणणं वेगळं होतं. “दादाला न विचारता मी एवढं सगळं ठरवू कसं?” दादाची बायको आली नव्हती, दवाखान्यात बसली होती. तिला काय वाटतं हे मी विचारलं नाही. ही माझी पहिली चूक, आणि ती मला बऱ्याच उशिरा लक्षात आली.

मी विचारलं, जहाज कुठे आहे? धाकट्यानं सांगितलं. माझ्या डोळ्यांपुढे लोडिंग उभं राहिलं. किनाऱ्यावरच्या आर्म, म्हणजे माल भरायचे हलते पाइप, जोडायच्या, हळूहळू थंड करायच्या, आणीबाणीत सगळं बंद करणारी यंत्रणा गरम असताना एकदा आणि थंड झाल्यावर पुन्हा तपासायची, टाक्यांतून निघणारा वायू काँप्रेसरनं किनाऱ्याकडे परत धाडायचा. त्या दिवशी गॅस इंजिनिअरचं डोकं ठिकाणावर हवं. मी म्हणालो, “वहिनी, चार दिवस थांबा. जहाज भरून निघू दे, मग सांगू.”

माझी भीती खरी होती. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. सांगणं आणि लपवणं, असे दोनच रस्ते मला दिसले. तिसरा रस्ता मला, सगळी हयात जहाजांवर काढलेल्या माणसाला, सुचायला हवा होता : दादाला थेट फोन करायचा नाही, कंपनीच्या चोवीस तास चालणाऱ्या आपत्कालीन नंबरवर कळवायचं. कंपनी कॅप्टनला सांगते, कॅप्टन वेळ बघून माणसाला केबिनमध्ये बोलावून सांगतो, त्या दिवसाची कामाची फेरी बदलतो, आणि किनाऱ्यावर बदली माणसाचा शोध लगेच सुरू होतो. कॅप्टननं अशी बातमी कुणाला सांगताना मी पाहिलं आहे. पण त्या सकाळी मी आईंचा चेहरा बघितला आणि त्यांना जे ऐकायचं होतं ते बोललो.

यात हातचं गेलं ते अमेरिकेचं बंदर. दादाकडे अमेरिकेचा खलाशी व्हिसा होता, ह्यूस्टनचा विमानतळ जवळ होता. तीन दिवसांत तसा व्हिसा असलेला, अनुभवाचं गणित जुळवणारा माणूस मिळालाच असता असं मी म्हणत नाही. बहुधा मिळाला नसता. पण शोध घेतला गेला असता आणि निदान हो की नाही हे दादाला कळलं असतं.

मधले दिवस

रोज संध्याकाळी फोन यायचा. तिकडे सकाळ, इकडे रात्र व्हायला आलेली. “अप्पा झोपलेत.” दुसऱ्या दिवशी “देवळात गेलेत.” तिसऱ्या दिवशी पुन्हा “झोपलेत.” दादा पुढे मला म्हणाला की चौथ्या दिवशीच त्याला संशय आला होता, पण आई सांगत नाही म्हणजे सांगण्यासारखं नसेल, असं त्यानं स्वतःला समजावलं.

इकडे तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं होतं की मेंदूची सूज वाढली तर कवटीचा भाग उघडावा लागेल, संमतीवर सही हवी. सव्वीस वर्षांच्या धाकट्यानं ती एकट्यानं केली. शस्त्रक्रियेची वेळ आली नाही, पण ती रात्र त्यानं कशी काढली हे तो अजून धड बोलत नाही. पैशांचंही तसंच झालं. घरखर्चाच्या खात्यात सत्तर हजार होते. मोठी रक्कम दादाच्या एनआरई खात्यात, म्हणजे परदेशातली कमाई ठेवायच्या खात्यात, आणि त्यावर व्यवहार करायचा अधिकार घरात कुणालाच दिलेला नव्हता. धाकट्यानं ओळखीच्या एकाकडून व्याजानं दीड लाख उचलले. भाऊ महिन्याला एवढा कमावतो आणि आपण सावकाराच्या दारात, ही बोच त्याला व्याजापेक्षा जास्त लागली.

चार दिवस थांबा असं मी म्हणालो होतो. जहाज भरून निघालं, तरी कुणी सांगितलं नाही. आधीच लपवलंय, आता कोणत्या तोंडानं सांगायचं, असं प्रत्येकाला झालं होतं. मीही फोन करून आठवण दिली नाही.

दुसरा निर्णय : खिशातलं कुलूप

नवव्या दिवशी सकाळी उठल्यावर दादानं फोन उघडला. आता जहाजांवर उपग्रहाचं इंटरनेट बरं चालतं. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारातल्या दुरुस्त्या डिसेंबर २०२४ मध्ये लागू झाल्यापासून तशी सोय ठेवणं हे जहाजमालकांचं कर्तव्यच झालं आहे. भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका चुलत आत्यानं लिहिलं होतं : अप्पांना आयसीयूमधून बाहेर आणलं, सिद्धरामेश्वराची कृपा. खाली तीस-पस्तीस नमस्कार.

त्यानं घरी फोन लावला. आई रडत राहिल्या. मग बायकोनं फोन घेतला आणि पहिल्या दिवसापासूनचं सगळं न थांबता सांगितलं. तो म्हणतो, त्या दिवशी तीच एक सरळ बोलली.

आठ वाजता काम ठरलेलं होतं. इंजिनाला बॉइल-ऑफ देणाऱ्या दोन काँप्रेसरपैकी राखीव काँप्रेसरची सक्शनची, म्हणजे वायू आत ओढणाऱ्या बाजूची, जाळी उघडून साफ करायची. त्यासाठी सक्शन आणि डिस्चार्ज (वायू बाहेर जाण्याची बाजू), दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून कुलूप घालायचं, आतला वायू नायट्रोजननं काढायचा, मोजमाप घ्यायचं, मग नट सैल करायचे. दादानं यादीवर खुणा केल्या, काम सुरू करायच्या परवान्यावर सही केली. काम सुरू करण्याआधीच्या चर्चेत फिटरनं सहज विचारलं, “सर, डिस्चार्जचं कुलूप लावलं ना?” दादा हो म्हणाला. मग त्याचा हात बॉयलरसूटच्या खिशाकडे गेला. कुलूप खिशात होतं.

व्हॉल्व्ह बंद होता, गॅस बाहेर आला नसता. पण कुलूप न घालता त्यानं घातल्याची खूण केली होती, आणि ते त्याला आठवतही नव्हतं. त्यानं काम थांबवलं, परवाना रद्द केला, चीफ इंजिनिअरकडे जाऊन सांगितलं, “सर, वडिलांना स्ट्रोक आलाय, मला आज कळलं. आज माझ्या सहीवर काम करू नका.”

या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हा, असं मला वाटतं. बढतीच्या उंबरठ्यावर असलेला माणूस असं वाक्य सहसा बोलत नाही, कमजोरी दिसेल म्हणून. शाबासकी फिटरचीही आहे. साहेबाला प्रश्न विचारायला तो कचरला नाही.

पर्याय

कॅप्टननं तासाभरात कंपनीशी बोलणं केलं. दादाला त्या दिवशीच्या कामातून मोकळं केलं, फर्स्ट इंजिनिअरनं कार्गोची यंत्रं बघितली. मग तिघं बसले आणि नकाशावर काय काय शक्य आहे ते बघितलं.

जहाज मागे किंवा जवळच्या बेटाकडे वळवणं हे पहिल्यांदा दादाच्याच तोंडी आलं. कॅप्टननं ते हळुवारपणे, पण स्पष्ट नाकारलं. जहाजावरच्या माणसाचा जीव धोक्यात असेल तर जहाज वळतं. घरच्या आजारपणासाठी वळत नाही. शिवाय बदली माणूस हाताशी नसताना भरलेल्या जहाजावरून गॅस इंजिनिअर उतरवायला कंपनी तयार नव्हती.

जपानपर्यंत जाणं सगळ्यात सोपं होतं, पण महिन्याहून जास्त वेळ लागला असता.

उरलं केपटाउन. तिथून जहाज जवळून जाणारच होतं, साधारण चौदा दिवसांनी. बंदरात न शिरता लाँच बोलावून माणूस उतरवायचा, बदली माणूस चढवायचा. वारा आडवा आला तर त्यापुढे पाच-सहा दिवसांवर मॉरिशस, थोडा मार्ग वाकडा करून. दोन्हीकडे एजंट ठरवून ठेवायचा, असं कॅप्टननं सुचवलं. सुट्टी संपत आलेला एक अनुभवी माणूस कंपनीला मिळाला.

दादाला वाटत होतं की करार मधेच सोडला तर तिकिटाचा खर्च पगारातून कापतील. तसं झालं नाही. तातडीच्या कौटुंबिक कारणासाठी दंड न भरता लवकर सेवा सोडता यावी, ही गरज २००६ च्या सागरी कामगार करारात मान्य केलेली आहे आणि भारतानं तो करार २०१५ मध्ये स्वीकारला. जवळच्या नातेवाइकाचं गंभीर आजारपण दादाच्या सेवाकरारातही स्पष्ट लिहिलेलं होतं. ते पान त्यानं सही करताना वाचलं नव्हतं.

कृती

पहिले तीन दिवस त्याला सही लागणारं काम दिलं नाही. चौथ्या दिवशी त्यानं स्वतःच मागितलं. रिकाम्या हातांनी केबिनमध्ये बसवत नव्हतं. चीफनं दिलं, पण प्रत्येक परवान्यावर दुसऱ्या अधिकाऱ्याची तपासणी ठेवून.

आणि तो रोज अप्पांशी बोलू लागला. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी चित्रांची वही दिली होती. दादा व्हिडिओ कॉलवर एकेक चित्र विचारायचा. अप्पा “पाणी” म्हणायचे, “भाकरी” म्हणता म्हणता अडायचे. मागाचं चित्र वहीत नव्हतं, ते दादानं कागदावर काढून दाखवलं. त्यावर अप्पा “धोटा” म्हणाले, एकदम स्पष्ट. धाकट्यानं त्या क्षणाचा फोटो घेतला आहे.

केपटाउनजवळ पोचले तेव्हा उन्हाळ्यातला जोरदार आग्नेय वारा सुटला होता. एलएनजीचं जहाज भरलेलं असलं तरी त्याची बाजू पाण्यापासून फार उंच असते, वारा तिच्यावर शिडावर बसावा तसा बसतो. खाली दोराची शिडी, वर जहाजाचा जिना, असं जोडून उतरावं लागतं. लाँच दोन वेळा जवळ आली, दोन्ही वेळा लाटेनं उचलली. कॅप्टननं रद्द केलं. दादा बॅग भरून डेकवर उभा होता. तो म्हणाला, “काका, त्या घटकेला मी कॅप्टनला शिव्या दिल्या, मनातल्या मनात. पण त्यांच्या जागी मी असतो तर मीही नाहीच म्हटलं असतं.” बदली माणसाला कंपनीनं केपटाउनहून विमानानं मॉरिशसला आणलं. पोर्ट लुईसच्या बाहेर समुद्र शांत होता. एकोणतिसाव्या दिवशी दादा उतरला, तिथून मुंबई, मुंबईहून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस. एकतिसाव्या दिवशी सकाळी सोलापूर.

निष्पत्ती

अप्पा आता काठी घेऊन चालतात. उजव्या हातानं घास घेता येत नाही, डाव्यानं घेतात. बोलणं बरंच परत आलं आहे. दादा पाच महिने घरी राहिला, सावकाराचे पैसे पहिल्याच आठवड्यात फेडले. कंपनीनं त्याला पुन्हा बोलावलं, त्याच पदावर. कुलपाची नोंद अपघात होता होता टळल्याची म्हणून झाली होती. ती त्याच्या विरोधात गेली नाही, कारण ती त्यानंच करायला लावली होती.

भरून न आलेली गोष्ट एकच. तो मला म्हणाला, “आता आई ‘सगळं ठीक आहे’ म्हणाली की मला ते खरंच वाटत नाही. ठीक असलं तरी.” अप्पांचा हात जितका सुधारला तितकं हे सुधारलेलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

कंपनीचा आपत्कालीन नंबर घरात हवा होता. तो दादाच्या ईमेलमध्ये होता, म्हणजे त्याच्याबरोबरच समुद्रावर. घरी फक्त मुंबईच्या एजंटाच्या ऑफिसचा नंबर होता, तोही दिवसाच उचलला जाणारा. एनआरई खात्यावर जवळच्या नातेवाइकाला इथले खर्च भागवण्याचा अधिकार देता येतो, बँकेत एक अर्ज लागतो. तो अर्ज दादानं दोन करार पुढे ढकलला होता.

बाकी बोलायचं ते माझ्याबद्दल. सल्ला देणाऱ्यानं आधी बायकोशी बोलायला हवं होतं. कंपनीच्या कागदांवर वारस म्हणून तिचंच नाव होतं, आणि सांगून टाकावं असं तिला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. आणि चार दिवस म्हटल्यावर पाचव्या दिवशी सकाळी फोन करणं माझं काम होतं.

बातमी लपवणाऱ्या आयांना मी दोष देत नाही. लांबच्या लेकराचा जीव जपायचा त्यांना हाच मार्ग ठाऊक असतो. पण गॅसच्या जहाजावर घरी परतायचा रस्ता आठवडे आधी आखावा लागतो, आणि लपवलेला प्रत्येक दिवस त्या रस्त्यातून वजा होतो. जीव टांगणीला लागणारच आहे. तो केव्हा लागावा, एवढंच आपल्या हाती असतं. कॅप्टनसमोर, वेळ बघून लागला तर बरं. परवान्यावर सही करायच्या तासभर आधी, ग्रुपवरच्या एका ओळीनं लागू नये.

दादा पुन्हा निघाला त्याच्या आदल्या संध्याकाळी मला जेवायला बोलावलं होतं. शेंगाची चटणी, कडक भाकरी, दही. जेवण झाल्यावर त्यानं सगळ्यांना बसवून ठरवून घेतलं : दवाखान्यात रात्र काढावी लागली तर त्याच दिवशी कंपनीच्या नंबरवर कळवायचं, आणि ते बायको कळवेल. त्याहून लहान असेल तर थेट त्याला, जसं असेल तसं. नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवला. आई गप्प होत्या. अप्पांनी डाव्या हातानं कागद नीट दाबून बसवला.

तीन महिन्यांनी अप्पा न्हाणीघरात घसरले, भुवईवर चार टाके पडले. बायकोनं दवाखान्यातूनच दादाला टाक्यांचा फोटो पाठवला. त्यानं अप्पांशी दोन मिनिटं बोलून घेतलं आणि ड्यूटीवर गेला.